बांध नसलेलं शिवार: लॅक्स्टनचे चार दिवस

इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमशर परगण्यात लॅक्स्टन नावाचं अडीच-तीनशे वस्तीचं गाव आहे. गावाभोवती वेस्ट फील्ड, मिल फील्ड आणि साउथ फील्ड अशी तीन मोठी शिवारं. प्रत्येक शिवारात निरनिराळ्या शेतकऱ्यांचे लांबट पट्टे एकमेकांना खेटून आहेत आणि मध्ये बांध नाही, कुंपण नाही, झुडपांची रांगही नाही. कुणाचा नांगर गावच्या रस्त्यात किंवा शेजाऱ्याच्या पट्ट्यात घुसला, तर सरकारी मोजणीची वाट कोणी बघत नाही. गावातल्याच शेतकऱ्यांची ज्यूरी येते, खुंटी ठोकते आणि दंड लावते.

मध्य इंग्लंडमधली बहुतेक गावं एके काळी अशीच होती. मग कुंपणं आली. १६०४ ते १९१४ या काळात पार्लमेंटने जमिनी कुंपणबंद करणारे सुमारे ५,२०० कायदे केले आणि ६८ लाख एकर जमीन त्यांच्या कचाट्यात आली. सामाईक चराई गेली, पट्टे एकत्र होऊन चौकोनी शेतं झाली, लहान कुळं मजूर झाली किंवा शहरात गेली. डेव्हनमधल्या ब्राँटनला आणि लिंकनशरमधल्या ॲक्सहोम भागात आजही पट्टे दिसतात. पण पट्टे, सगळ्या शिवाराला बांधलेली फेरपालट आणि त्यावर हुकमत चालवणारं कोर्ट, ही तिन्ही एकाच जागी बघायची तर लॅक्स्टनलाच यावं लागतं.

यायचं कधी, हा पहिला प्रश्न. जून-जुलैत गवताळ तुकडे फुलांनी भरतात, दिवस रात्री साडेनऊपर्यंत चालतो, फोटो छान येतात. पण गाव चालतं कसं ते कळायला नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा चांगला, कारण ज्यूरी शिवारात उतरते ती तेव्हा. ज्यूरीचा दिवस बहुधा गुरुवारी आणि कोर्ट त्यानंतर आठवड्याने. नक्की तारीख गावाकडून आधी विचारून घ्यावी, मगच तिकिटं काढावीत. खालचा क्रम मंगळवारी पोचून शुक्रवारी निघण्याचा आहे.

पहिला दिवस: न्यूअर्क, मुख्य रस्ता, गढी

लंडनच्या किंग्ज क्रॉसहून न्यूअर्क नॉर्थ गेटला थेट गाडी आहे. सव्वा ते दीड तास लागतो. न्यूअर्कला दोन स्टेशनं आहेत आणि घोळ इथेच होतो. न्यूअर्क कासल हे नॉटिंगहॅम-लिंकन मार्गावरचं, नॉर्थ गेट लंडनच्या मुख्य मार्गावरचं. भाड्याची गाडी किंवा टॅक्सी सांगताना स्टेशनचं पूर्ण नाव सांगायचं. (हे दोन्ही लोहमार्ग गावाबाहेर एकमेकांना पुलाशिवाय, एकाच पातळीवर छेदतात. रेल्वेची आवड असेल तर ती जागा चुकवू नये.)

न्यूअर्कहून लॅक्स्टन साधारण दहा-अकरा मैल. ए६१६ या रस्त्याने ऑलर्टनच्या दिशेने जायचं आणि नीसल गावाजवळ उजवीकडे वळायचं. शेवटचे काही मैल एका गाडीपुरता रस्ता, दोन्ही बाजूंना उंच झुडपी कुंपणं. या दिवसांत ट्रॅक्टरच्या चाकांनी रस्त्यावर लाल चिखल आलेला असतो. ओला झाला की ब्रेक मारल्यावर गाडी सरकते. बसवर विसंबून हा प्रवास करू नये. दुकान गावात नाही असं धरूनच चालावं: पेट्रोल, दूध, औषधं ऑलर्टनला किंवा टक्सफर्डला घ्यावीत. जेवणाचा आधार म्हणजे डव्हकोट इन हा गावातला पब. इंग्लंडच्या खेड्यातल्या पबचं स्वयंपाकघर दिवसभर चालू नसतं. दुपारी बारा ते दोन आणि संध्याकाळी सहा ते साडेआठ एवढ्याच सुमारास जेवण मिळेल आणि आठवड्यातला एखादा वार बंद असेल, असं समजून आधी फोन करावा. ऑर्डर काउंटरवर जाऊन द्यायची. टेबलाशी बसून राहिलं तर तासभर कोणी विचारत नाही.

नोव्हेंबरअखेर इथे सूर्य पावणेआठच्या सुमारास उगवतो आणि चारच्या आतच मावळतो. त्यामुळे सामान टाकलं की लगेच बाहेर पडायचं. मुख्य रस्त्यावरून चालताना आधी घरांची तोंडं बघावीत. जुनी शेतघरं रस्त्याकडे आडवी नाहीत. त्यांची अरुंद बाजू, म्हणजे त्रिकोणी भिंत, रस्त्याला लागलेली. दार अंगणात उघडतं. मागे धान्याचं कोठार, गोठा आणि त्यामागे लांबलचक परसू. रस्त्याला लागलेली दर्शनी जागा थोडी आणि मागे खोल जमीन, ही मध्ययुगातली वाटणी घरं नवी बांधली तरी बदलली नाही. भिंती लाल विटांच्या, छपरं वळणदार नारिंगी कौलांची. बाकी इंग्लंडमध्ये कुंपणबंदीनंतर शेतकरी गाव सोडून आपापल्या जमिनीच्या मधोमध घर बांधून राहायला गेले. इथे प्रत्येकाची जमीन तिन्ही शिवारांत विखुरलेली, मग मधोमध कुठे बांधणार? शेतकरी गावातच राहिले. आजही भर वस्तीत ट्रॅक्टर, पेंढा आणि गुरांचा वास आहे, तो त्यामुळे.

गावात कोंडवाडाही टिकून आहे. मोकाट जनावर इथे डांबायचं आणि मालकाने पैसे भरून सोडवायचं, ही रीत आपल्याकडल्या वाचकाला समजावून सांगायची गरज नाही. बांध नसलेल्या शिवारात एक सुटलेली गाय एका रात्रीत पाच जणांचं पीक तुडवते, म्हणून कोंडवाड्याला इथे चर्चइतकाच मान होता.

उजेड असेतो गावाच्या उत्तरेची गढी उरकून घ्यावी. पाटी ‘कासल’ म्हणते, पण बुरूज-तटबंदीची अपेक्षा ठेवू नये. दगड एकही उभा नाही. आहे तो मातीचा मोठा उंचवटा, त्याच्या माथ्यावर आणखी एक छोटा ढीग, आणि पायथ्याशी खंदकांनी वेढलेली दोन अंगणं. बाराव्या शतकाच्या सुरुवातीला रॉबर्ट द कॉ याने ती उभारली असं मानतात. शेरवुडच्या राजवनाची राखण या घराण्याकडे वंशपरंपरेने होती, आणि म्हणून हे खेडं काही काळ त्या सगळ्या जंगलाच्या कारभाराचं ठाणं होतं. पुढे हा हक्क एव्हरिंगहॅम घराण्याकडे आला आणि तेराव्या शतकाच्या अखेरीस गेला. कारण? राजाची हरणं राखायची त्यांनीच ती मारली.

चढ ओल्या गवताचा आणि निसरडा आहे. फाटकं आहेत तशीच ठेवायची: बंद असेल तर बंद, उघडं असेल तर उघडं. आत मेंढ्या असतात.

दुसरा दिवस: नकाशा आणि तीन शिवारं

सकाळी पबच्या आवारातल्या माहिती केंद्रात अर्धा तास घालवावा. तिथे बहुतेक वेळा माणूस नसतो. फलक वाचून आपण समजून घ्यायचं. गोष्टीचा कणा म्हणजे १६३५ चा नकाशा. मार्क पिअर्स या भूमापकाने गावातला प्रत्येक पट्टा मोजला, कोणाचा आणि केवढा ते वहीत लिहिलं आणि सगळं एका प्रचंड नकाशावर उतरवलं. त्यात नुसत्या रेघा नाहीत. नांगरणारे, गवत कापणारे, शिकारीमागे धावणारे कुत्रे अशी बारीक चित्रं शेताशेतांत भरली आहेत. मूळ नकाशा ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे.

हे काम करवून घेणारा मालक होता सर विल्यम कोर्टन, लंडनचा धनाढ्य व्यापारी. त्याने गाव नुकतंच विकत घेतलं होतं आणि आपण नेमकं काय घेतलं ते त्याला कागदावर हवं होतं. त्याच वर्षी, डिसेंबर १६३५ मध्ये, पहिल्या चार्ल्स राजाने ईस्ट इंडिया कंपनीच्या मक्त्याला बाजूला सारून कोर्टनच्या मंडळाला पूर्वेकडे व्यापाराची सनद दिली. कॅप्टन जॉन वेडेलच्या हाताखाली त्यांची जहाजं १६३६ मध्ये निघून त्याच वर्षी गोव्याला लागली. पुढे भटकळ आणि कारवारला त्यांच्या वखारी झाल्या. कोर्टन स्वतः १६३६ मध्येच वारला, मुलाच्या काळात धंदा बुडाला आणि लॅक्स्टन लवकरच पिअरपाँट घराण्याकडे गेलं. गावाचा सगळ्यात उत्तम दस्तऐवज अशा माणसाने करवून घेतला, ज्याचा जीव जहाजांत अडकला होता.

गाव मात्र त्याच्याही कितीतरी आधीचं. १०८६ च्या डोम्सडे नोंदवहीत, म्हणजे इंग्लंडच्या जुन्या जमीन-मोजदादीत, ‘लॅक्सिंट्यून’ आहे: मालक जेफ्री अल्सेलिन, २२ कुळं, त्यांच्याहून कमी जमिनीचे ७ जण, आणि काही गुलाम.

आता शिवारात. पायात घोट्यावर येणारे, पाणी आत न जाणारे बूट हवेत. माती जड, लाल, चिकण आहे. पावसात ती चपलेसारखी तळव्याला चिकटत जाते आणि प्रत्येक पाय किलोभर जड होतो. सुकली की भेगा पडतात. पिवळा बाण म्हणजे पायवाट, निळा बाण म्हणजे घोडे-सायकललाही मुभा असलेली वाट. शिवारातले गवताळ रस्ते रुंद आहेत, पण पेरलेल्या पट्ट्यात पाऊल टाकायचं नाही. कोवळा गहू गवतासारखा दिसतो आणि पाहुण्यांची चूक तिथेच होते: ज्याला हिरवळ समजून डबा उघडून बसावं ते कुणाचं तरी पीक असतं.

पट्ट्यांचं माप मजेशीर आहे. २२० यार्ड म्हणजे एक फर्लांग: बैलांची जोत दमून थांबण्याआधी जेवढं एका दमात ओढेल तेवढं तास. रुंदी २२ यार्ड, म्हणजे एक साखळी. क्रिकेटची खेळपट्टीही तेवढीच लांब. २२० गुणिले २२, म्हणजे ४,८४० चौरस यार्ड: एक एकर. मुंबई इलाख्याची जमीनमोजणी झाली तेव्हा ३३ फुटी साखळी वापरली गेली. तिचा एक चौरस म्हणजे गुंठा आणि असे ४० गुंठे म्हणजे एकर. आपल्या सात-बारावरचा एकर मुळात अशा बैलाच्या दमावर ठरलेला आहे. प्रत्यक्षात पट्टे एकरभराचेच असत असं नाही. बरेच त्याहून लहान होते, आणि आजचे त्याहून बरेच मोठे आहेत.

जुन्या पट्ट्यांच्या कडा सरळ नसत, ‘एस’ अक्षर उलटं ओढल्यासारख्या वळलेल्या असत. आठ बैलांची रांग टोकाला एकदम वळत नाही. शेवटचे काही यार्ड उरले की औत डावीकडे झुकवायला सुरुवात करावी लागे, आणि शतकानुशतकं तेच केल्यावर जमिनीनेच तो वाक घेतला. जिथे पुढे कधी नांगर लागला नाही अशा कुरणात हे वाक आणि सऱ्या-वरंबे दिसतात. सकाळचं किंवा तिसऱ्या प्रहराचं तिरपं ऊन असेल तर स्पष्ट, भर दुपारी जवळजवळ नाहीच.

फेरपालट तीन वर्षांची आणि ती शिवाराला लागू, शेतकऱ्याला नाही. एका वर्षी शिवारात हिवाळी गहू, पुढच्या वर्षी वसंतात पेरायचं पीक, बहुधा सातू, आणि तिसऱ्या वर्षी पडीक. आता पडीक वर्षी चाऱ्याचं पीक घ्यायची सवड असते. तिन्ही शिवारं एकेका वर्षाच्या अंतराने या चक्रात फिरतात, म्हणून दर वर्षी एक शिवार गव्हाखाली असतंच. कुणाला वाटलं की यंदा भाव चांगला आहे, आपण पडीक शिवारात गहू पेरावा, तर चालत नाही. सगळ्यांचं पीक एकदम निघालं पाहिजे, नाहीतर कापणीनंतर जनावरं सोडता येत नाहीत. या शिस्तीची किंमत मोठी आहे. बाजार बघून पीक बदलणारा शेजारगावचा शेतकरी इथल्या माणसापेक्षा जास्त कमावू शकतो, हे गावात कोणी लपवत नाही.

शिवारात मधेमधे न नांगरलेल्या गवताचे तुकडे दिसतात. त्यांना ‘साइक’ म्हणतात. चढ फार तीव्र आहे किंवा तळाला पाणी साचतं, म्हणून तिथे औत चालत नसे. ते गवत गावाचं. उन्हाळ्यात त्याचा लिलाव होतो, घेणारा गवत कापून नेतो. नांगर आणि खत शतकानुशतकं न लागल्यामुळे इथे इतरत्र नाहीशी झालेली कुरणफुलं टिकली, आणि म्हणून लॅक्स्टनच्या साइकना विशेष वैज्ञानिक महत्त्वाच्या जागेचं संरक्षण आहे. गवत फुलं बी धरायच्या आत कापलं तर दोन-चार वर्षांत फुलं विरळ होतात, आणि अजिबात कापलं नाही तर काटेरी झुडपं आत येतात. दोन्हीमधली वेळ साधणं हेच तिथलं काम.

तिसरा दिवस: ज्यूरी

ज्यूरी सकाळी पबमध्ये जमते. फोरमन धरून बारा जण, सगळे याच मातीत कसणारे. ट्रॅक्टरमागच्या ट्रेलरमध्ये बसून ते शिवारात जातात; सोबत फावडी, हातोडे आणि टोक काढलेल्या लाकडी खुंट्यांचा भारा. बघायचं असेल तर आदल्या संध्याकाळी पबमध्ये विचारून ठेवावं, रस्त्याच्या कडेला उभं राहावं आणि ट्रेलरवर चढायचा हट्ट धरू नये. हा त्यांचा कामाचा दिवस आहे. पाहुण्यांसाठी भरवलेला देखावा नव्हे.

तपासणी फक्त गव्हाच्या शिवाराची. कारण साधं आहे. ते नुकतंच नांगरून पेरलेलं असतं, म्हणजे हद्द हलली असेल तर आताच हललेली असणार. शिवाय सप्टेंबरअखेर-ऑक्टोबरात पेरलेला गहू आता बोटभर वर आलेला असतो, आणि लाल मातीवर हिरवी रेघ कुठे संपते ते लांबूनही दिसतं. गव्हाची पाळी दर तीन वर्षांनी येते, त्यामुळे तीन वर्षांत तिन्ही शिवारं एकदा तपासून होतात.

चूक होते ती अशी. नांगराचा एक फाळ साधारण १४ इंच माती उलटतो. कडेला पोचल्यावर ट्रॅक्टरवाल्याने ‘एवढा एक तास घेऊन टाकू’ म्हटलं, की २२० यार्ड लांबीवर सुमारे ७० चौरस मीटर, म्हणजे पाऊण गुंठ्याला किंचित कमी जमीन सरकते. शेजाऱ्याच्या पट्ट्यात हे सहसा घडत नाही. शेजारी रोज समोर भेटतो. घडतं ते गावच्या रस्त्याकडे आणि साइकच्या कडेला, कारण ती जमीन सगळ्यांची आणि म्हणून कुणाचीच नाही. बांध कोरणं आपल्याकडे भावकीच्या भांडणाचं मूळ. इथे कोरायला बांधच नाही, आणि ज्याची राखण सगळ्यात कमी तिथेच जमीन खाल्ली जाते. ज्यूरीचा बराचसा वेळ म्हणून रस्त्यांच्या कडांवर जातो. रस्त्याची ठरलेली रुंदी मोजायची, जिथे हद्द हवी तिथे फावड्याने खड्डा घ्यायचा, खुंटी ठोकायची, माती दाबायची. खुंटीच्या अलीकडे हिरवं दिसलं की फोरमन नाव टिपून घेतो. चर न उपसणं, चारीचं तोंड मातीने बुजवणं, हेही टिपलं जातं. चिकण जमिनीत एकाची चारी तुंबली तर खालच्या चौघांचा गहू पाण्यात राहून पिवळा पडतो.

यंत्रांनी यात नवी डोकेदुखी आणली. औषध फवारण्याच्या यंत्राचे हात आता २४ मीटरपर्यंत पसरतात. पट्टा तेवढा रुंद नसेल तर फवारा शेजाऱ्याकडे जातो. कापणीयंत्रातून एका पट्ट्यातलं तण दुसऱ्यात पोचतं. जड जमिनींत इंग्लंडभर गव्हाला छळणारं ब्लॅकग्रास हे तण तर एकाने कितीही उपटलं तरी शेजारी ढिला असेल तर पुन्हा येतं. या यंत्रांच्याही आधी, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मालकांनी, म्हणजे पिअरपाँट घराण्यातल्याच अर्ल मॅन्व्हर्सनी, छोटे पट्टे जोडून मोठे केले. पद्धत वाचली, पण १६३५ च्या नकाशातली बारीक वीण आता शिवारात दिसत नाही. जुनं जसंच्या तसं बघायला मिळेल या आशेने येणारा इथे हिरमुसतो.

दुपारी ज्यूरी पबमध्ये परतते, जेवते आणि दंडाचं ठरवते. आठवड्याने त्याच पबमध्ये कोर्ट लीट, म्हणजे शिवाराचं जुनं गावकोर्ट, भरतं. जमीनमालकाने नेमलेला स्ट्यूअर्ड, पेशाने वकील, अध्यक्षस्थानी. बेलिफ पुकारा करतो. ज्यांच्यावर हजेरी बंधनकारक आहे त्यांची यादी वाचली जाते, न आलेल्यांना काही पेन्सचा दंड. मग ज्यूरीचा कागद वाचतात, दोषींचे दंड मुक्रर होतात, आणि पुढच्या वर्षी जे शिवार गव्हाखाली येणार त्यासाठी नव्या ज्यूरीला शपथ दिली जाते. आज अतिक्रमण केलेला माणूस उद्याच्या ज्यूरीत बसू शकतो, आणि बसतोही. दंडाच्या रकमा किरकोळ. चारचौघांत नाव वाचलं जाणं हेच खरं.

हे नुसतं नाटक नाही, याला कायद्याचा आधार आहे. १९७७ च्या न्यायप्रशासन कायद्याने देशातल्या असल्या जुन्या मॅनर-कोर्टांचे, म्हणजे जहागिरीतल्या कोर्टांचे, अधिकार काढून घेतले. लॅक्स्टनच्या कोर्ट लीटचे मात्र राखून ठेवले.

चौथा दिवस: चर्च, मालकी, साउथवेल

सकाळी सेंट मायकल चर्च. आत अंधार असतो, विजेरी न्यावी. १८५९-६० मध्ये अर्ल मॅन्व्हर्सने दुरुस्ती करवली तेव्हा इमारत लांबीला कमी केली, म्हणून बाहेरून ती थोडी तोकडी वाटते. बघायच्या त्या एव्हरिंगहॅम घराण्याच्या आडव्या मूर्ती. इतर दगडाच्या, पण ॲडम द एव्हरिंगहॅमच्या दुसऱ्या बायकोची मूर्ती ओकच्या लाकडातली आहे, आणि या परगण्यात मध्ययुगातली लाकडी मूर्ती ही एकच. लाकूड भेगाळलं आहे, चेहऱ्याची धार गेली आहे, कपड्याच्या चुण्या मात्र बोट फिरवावं इतक्या उरल्या आहेत. फिरवू नये.

लॅक्स्टन कुंपणबंदीतून सुटलं कसं, याचं रोमँटिक उत्तर नाही. एकोणिसाव्या शतकात गावातले दोन बडे जमीनदार होते, अर्ल मॅन्व्हर्स आणि अर्ल ऑफ स्कारबरो. दोघांच्या जमिनी एकमेकांत गुंतलेल्या, वाटणीवर एकमत होईना, खर्च मोठा; प्रकरण रखडलं ते रखडलंच. परंपरेच्या प्रेमापेक्षा मालकांच्या न पटण्याने गाव वाचवलं. १९५२ मध्ये सहाव्या अर्ल मॅन्व्हर्सने ते कृषी मंत्रालयाला विकलं, १९८१ मध्ये ते राजमुकुटाच्या नावे असलेल्या जमिनी सांभाळणाऱ्या क्राउन इस्टेटकडे गेलं, आणि क्राउन इस्टेटनेही विकायचं ठरवल्यावर २०२० मध्ये ते थोर्स्बी इस्टेटकडे, म्हणजे जुन्या पिअरपाँट-मॅन्व्हर्स वारशाकडेच, परत आलं. शेतकरी बहुतेक कुळं आहेत; एकेका शेतघरासोबत तिन्ही शिवारांतले पट्टे खंडाने मिळतात. तेव्हा कोर्टापेक्षा मोठा प्रश्न मालक कोण आणि म्हाताऱ्या कुळाच्या जागी नवं कोण घेणार हा आहे. शेतं कमी झाली तर ज्यूरीला बारा जण आणायचे कुठून?

गावचा कारभार बाहेरच्याला गोंधळात टाकतो. पायवाटा, दिवे, बांधकामांवरची मतं यासाठी निवडून आलेली पॅरिश कौन्सिल, म्हणजे इथली ग्रामपंचायत. ही व्यवस्था १८९४ च्या कायद्याने आली. चर्चची वेगळी समिती. आणि शिवारापुरतं कोर्ट लीट. एकच माणूस तिन्हीकडे असू शकतो, पण एकीकडचा विषय दुसरीकडे काढलेला चालत नाही. गावात राहून शहरात नोकरीला जाणारे पुष्कळ झाले आहेत. त्यांचा संबंध पहिल्या दोहोंशी जास्त, तिसऱ्याशी जवळजवळ नाहीच.

निघताना याच पॅरिशमधली मूरहाउस ही वाडी वाटेत घेता येते. हेन्री क्लटन या वास्तुविशारदाने बांधलेलं छोटं उंच चॅपल तिथे आहे, आकाराच्या मानाने फारच दिमाखदार. ज्यूंच्या संहाराचं स्मरण करणारं राष्ट्रीय होलोकॉस्ट केंद्रही १९९५ पासून लॅक्स्टनच्याच हद्दीत आहे. त्याची वेळ आधी ठरवून घ्यावी आणि किमान अर्धा दिवस राखावा, दोन तासांत उरकायची ती जागा नव्हे.

एकच ठिकाण जमणार असेल तर साउथवेलचं वर्कहाउस, म्हणजे निराधारांना कामाच्या बदल्यात ठेवायचं घर, निवडावं. जॉन बीचर या पाद्र्याच्या पुढाकाराने १८२४ मध्ये जवळपासच्या ४९ पॅरिशनी मिळून ते बांधलं. पुरुष, बायका, मुलं वेगळी; त्यातही कामाला असमर्थ आणि ‘आळशी’ यांची अंगणं वेगळी, एकमेकांना दिसूही नयेत अशा भिंती. १८३४ चा गरिबांचा नवा कायदा झाला तेव्हा हाच नमुना देशभर नेला गेला. ज्या गावांत सामाईक चराई आणि साइकचं गवत संपलं, तिथल्या म्हाताऱ्या मजुराला शेवटी कुठे जावं लागे ते इथे कळतं, म्हणून लॅक्स्टननंतर लगेच बघावं. जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्टची ही जागा हिवाळ्यात मोजकेच दिवस उघडी असते. वेळापत्रक बघूनच शुक्रवार ठरवावा, नाहीतर शनिवारपर्यंत थांबावं. साउथवेलहून न्यूअर्क सात-आठ मैल. परतीची लंडन गाडी नॉर्थ गेटहून, कासलहून नव्हे.